पानांचं निमित्त

इवाई, तुमच्या तेरवीला आलो तेव्हा अंजनगावच्या स्टेशनावर उतरून मला तुमच्या घराचा रस्ता विचारावा लागला. एकोणीस वर्षांची आपली सोयरीक. माझा वासुदेव तुमचा जावई, तुमची गिरजा माझी सून. आणि मी एका अनोळखी शिंप्याच्या दुकानासमोर उभा राहून विचारतो आहे की पानमळेवाल्यांचं घर कोणीकडे! त्याने मशीन थांबवली. "कोठून आले जी?" अकोल्याहून, म्हटलं. "मंग पाय उचला, पंगती बसून राहिल्या." लग्नाच्या वेळी वऱ्हाड घेऊन आलो होतो तेव्हा बैलगाड्यांच्या रांगेत होतो, रस्ता ध्यानात ठेवायचं काम पडलं नव्हतं. त्यानंतर मी तुमच्या गावी आलोच नाही.

हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला बरं जमतं.

या हिवाळ्यात तुमची तीन कार्डं आली. अक्षर तुमच्या मुलाचं, किसनाचं, बोलणं तुमचं. "गुडघे धरले, आता माझ्यानं येणं होत नाही. एकदा तुम्ही मळा पाहून जा." पहिल्या कार्डाला मी उलट कार्ड टाकलं, की काही कार्य आहे का घरी? दुसरं आलं, की कार्य नाही. मी विचारलं, मग काही अडचण? तिसऱ्या कार्डात एवढंच होतं, "काम काही नाही. या." ते कार्ड मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणालो, काम नाही तर मुलाच्या बापाने सुनेच्या माहेरी जाऊन बसायचं कशाला? लोक काय म्हणतील? गिरजा तेव्हा चुलीपाशी होती. तिने ऐकलं. हे तुम्हाला आता सांगून टाकतो, कारण तुम्ही असताना सांगायची हिंमत झाली नसती.

फाल्गुनात तुम्ही गेल्याची तार आली. वासुदेव आणि गिरजा मिळेल त्या गाडीने निघाली आणि मी रीतीप्रमाणे तेरवीला.

तुमची पहिली गाडी मला माहीत आहे. तुम्हीच सांगितली होती, माझ्या ओट्यावर बसून. मूर्तिजापूरहून तुमच्या गावाकडे लहान गाडी नवीन नवीन सुरू झाली तेव्हा तुम्ही विशीत होता. एके सकाळी वेलींना पाणी द्यायचं सोडून तुम्ही स्टेशनावर गेलात आणि मूर्तिजापूरचं तिकीट काढलंत. तिथे मोठी लाइन पाहिली, मोठं इंजिन पाहिलं, फुटाणे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने परत. बापाने विचारलं, "काय आनलं?" काई नाई. "कोनाले भेटला?" कोनाले नाई. "मंग गेलता काहून?" याचं उत्तर तुम्हाला देता आलं नाही. बापाने आठ दिवस मळ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. "मारलं असतं तं बरं झालं असतं," तुम्ही सांगत होता, "पन तो मायाकडे असा पाहे, का पोट्टं येडं झालं काय!" आणि हसता हसता तुमच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यानंतर तुम्ही टोपली घेतल्याशिवाय गाडीत बसला नाहीत.

टोपल्या घेऊन मात्र खूप फिरलात. अमरावती, अकोला, कधी खानदेशाकडे. पण पानाच्या धंद्यातला माणूस गाव पाहू शकत नाही, हे मला तुमच्यामुळे कळलं. पानाला ऊन नको, वारा नको. ओल्या पोत्यात बांधून आणायचं, बाजारात पोचवायचं, जे उरेल ते रोजच्या रोज उकलायचं, सडकं काढायचं, चांगलं उलटून पुन्हा रचायचं. याला तुम्ही पानं फेरणं म्हणता. आमच्या आजोबांनी पानमळा सोडून मोर्णेकाठी भाजीची वाडी केली, तेव्हापासून आमच्या घरातून ही विद्या गेली. वांग्याला इतके लाड लागत नाहीत.

गिरजा आमच्या घरी आली आणि तुमच्या अकोल्याच्या फेऱ्या वाढल्या. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. स्टेशनावरून टोपली डोक्यावर घेऊन तुम्ही आधी आमच्याकडे येत होता, पण उंबरठ्याच्या आत पाय नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत. बाहेर ओट्यावर बसायचं आणि म्हणायचं, "जरा पानं फेरून घेतो, मंग बाजारात जातो." पाणी तुमचं तुमच्या तांब्यात. गिरजा बाहेर येऊन समोर बसे. तुम्ही एक जुडी सोडायचे, अर्धी तिच्यापुढे ठेवायचे, आणि बाप-लेक खाली माना घालून पान न् पान पुसत बसायचे. काय बोलत होता कोण जाणे. मला वाटायचं, बिचाऱ्याला अकोल्यात हक्काची सावली नाही, आपला ओटा त्याच्या उपयोगी पडतो. मोठेपणाने मी तुम्हाला म्हणतही असे, बसा, बसा, ओटा तुमचाच आहे.

मग एकदा बाजारात पानाचा अडत्या भेटला. तो म्हणाला, "तुमच्या इवाईले सांगा ना जरा. पहाटे खुडलेलं पान, एका दिवसात त्याले फेरा कायले लागते? स्टेशनावरून सरळ माझ्याकडे आनले तं ओलीगच्च राह्यतीन. ते तुमच्या घरी उकलून वारा लावतात अन् सुकवून आनतात. अन् अमरावती त्याईले जवळ, तठी गिऱ्हाइकबी बरं. इकडे येतात काहून तेच समजत नाई."

मला समजलं. समजल्यावर गप्प बसावं एवढी अक्कल असती तर काय हवं होतं! पुढच्या खेपेला तुम्ही ओट्यावर बसला होता, शेजारचे दोघे-तिघे उभे होते, आमच्या घरच्या, वासुदेवाच्या आई, दारात होत्या. मी मिशीला पीळ देत विचारलं, "इवाई, चांगली पानं खराब करून राहिले कायले? लेकीले पाह्याचं असन तं सरळ सांगा ना, आमी काय नाई म्हनतो?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. हातातली जुडी बांधलीत, टोपलीवर पोतं घातलंत आणि म्हणालात, "बरं केलं सांगितलं जी. अडत्याची वेळ झाली." गिरजाने पुसायचा फडका घडी करून ठेवला आणि आत गेली.

पाच महिने तुम्ही आला नाहीत. विचारलं तर निरोप येई, की पानं अमरावतीला जातात, भाव चांगला आहे. गिरजाने एका शब्दाने मला दोष दिला नाही. वेळेवर भाकर वाढायची, मान खाली घालून ताट उचलायची. ओट्यावर मीच मग एकटा बसत असे आणि मला तो मोठा वाटे. क्षमा मागायला हवी होती, इवाई. मुलाच्या बापाने क्षमा मागितल्याचं मी कोणाच्या घरी पाहिलं नव्हतं, आणि नवीन रीत पाडायची तर ती आपल्यापासून नको, असं मला वाटलं.

गिरजाला हिवताप आला तेव्हा तुम्ही आलात, टोपली घेऊनच. मी धावत जाऊन ओट्यावर गोणपाटाचा बोरा अंथरला आणि शेजाऱ्यांना हाकलून दिलं. म्हणालो, "इवाई, इकडून या, इकडे वारा कमी लागतो. पानं फेरायला ही जागा बरी." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि बसलात. ती माझी क्षमा होती. तुम्हाला पोचली असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे. कधी विचारलं नाही.

पाण्यावरून मात्र आपण खरे भांडलो. लग्नाला चार वर्षं झाली, पाच झाली, गिरजाला मूल नाही, आणि तुम्ही उन्हाळ्यातसुद्धा स्टेशनावरच तांब्या भरून आणता. मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. नागपुरात काय चाललंय ते सांगणार आणि घरात व्याही तहानलेला! मला त्याची शरम वाटे. एकदा तुम्हाला सोडायला स्टेशनावर आलो आणि तिथे तोंड सोडलं. म्हणालो, असल्या रीतींना चुलीत घाला. आठवं वर्ष लागलं, आता किती दिवस?

तुम्ही टोपली खाली ठेवलीत. "रीत-गीत मले काई समजत नाई, इवाई. रीत मोडाले मले काय भेव? पन आज मी तुमच्या घरचं पानी प्यालो तं गिरजाले वाटन, बाबानं आस सोडली. मी ताहानेला बसतो तवरी तिले वाटते, का बाबाले अजून भरोसा हाय." गाडी आली. मी तुम्हाला टोपली वर उचलून दिली.

देवाने ऐकलं म्हणा. सुमन झाली. बाळंतपण माहेरी, बारशाला आमच्या घरच्या आल्या, मी वाडीच्या पाण्याची पाळी आहे म्हणून राहिलो. तीन महिन्यांनी तुम्ही दोघींना पोचवायला आलात आणि पहिल्यांदा उंबरठा ओलांडलात. गिरजाने तांब्या आणला. तुम्ही उभ्यानेच तो तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला, मग दुसरा मागितला, तोही संपवला. मग तोंड पुसून म्हणालात, "इवाई, तुमच्या विहिरीचं पानी तं लय खारं हाय हो!" आणि आठ वर्षं मी त्या पाण्याचा आग्रह करत होतो. त्या दिवशी घरात जे हसणं झालं त्यात कोणाला कमीपणा नव्हता.

त्यानंतर निमित्ताची गरज उरली नव्हती. तरी टोपली यायचीच. सुमन तुमच्या मांडीवर बसून पानं फाडी आणि तुम्ही तिला ती फाडू देत होता. अडत्यानेही मग बोलणं सोडलं.

सुमन पाच वर्षांची झाली तेव्हा तुम्हीच काढलंत, की बाळापूरला जाऊ. काहून? "पाह्याले. इतकी वर्सं फिरलो, बाजाराच्या पलीकडे काई पाह्यलं नाई." मला पटलं नाही, पण तुम्ही पाहुणे होता. सुमनसकट तिघं मोटारलॉरीत बसलो. टोपली नव्हती, तुमचे हात सारखे मांडीवरून घसरत होते. शेजारच्या माणसाने विचारलं, "बाळापूरले कामानं चालले काय?" आणि तुम्ही ठामपणे म्हणालात, "हो जी, सतरंजी पाह्याची हाय." मी फस्सकन हसलो. तुम्ही मला कोपर मारलंत.

किल्ला पाहून झाला, जुनी दगडी छत्री पाहून झाली, आणि तुम्ही नदीकडे तोंड करून जे बसलात ते उठेचनात. माझ्या डोक्यात वाडीतली मेथी. मी म्हणालो, पाणी पाहायचं तर आमच्या मोर्णेलाही आहे. काम नसताना फिरणं हे श्रीमंतांचे चोचले. तुम्ही सुमनला जवळ ओढलंत. मग म्हणालात, "जवान होतो तवा गाडी पाह्याले गेलो, बापानं येडं ठरवलं. मंग पोटासाठी फिरलो. मंग हे," असं म्हणून सुमनच्या डोक्यावर हात ठेवलात, म्हणजे गिरजासाठी. "आता कायच्यासाठी ते सांगता येत नाई. पन जावं वाटते." मी म्हणालो, ही सवय आहे, दुसरं काही नाही. "सवय असती तं टोपली आनली नसती काय?" तुम्ही म्हणालात. आणि मग मलाच उलटं कोडं घातलंत: भाकर काहून करपली, घोडा काहून अडला, पान काहून सडलं, अन् इवाई अकोल्यातून काहून हालत नाई? पहिल्या तिन्हींचं उत्तर पोरासोरांना येतं, फिरवलं नाही म्हणून. चौथ्याचं मी दिलं की मला कामं आहेत.

त्या वादाचा निकाल लागला नाही. तुम्हाला वाटलं असेल, पुढच्या खेपेला लावू. मलाही तेच वाटलं होतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर किसना मला मळ्यात घेऊन गेला. दाराशी म्हणाला, "मामाजी, जोडे अठीच काढा." अनवाणी आत गेलो. बाहेर फाल्गुनाचं ऊन, आणि आत इतकं गार की अंगावर शहारा आला. उंच शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, खाली पाटाचं गोडं पाणी. गिरजा लहानपणी जिथे बसायची ती जागा किसनाने दाखवली. तुम्ही ज्या दगडावर टेकायचे तोही दाखवला. मी सगळं पाहिलं. चांगलं आहे, चांगलं आहे, असं म्हणत राहिलो. हे दाखवायला तीन कार्डं टाकणारा माणूस मात्र तिथे नव्हता. मी गाडीची वेळ झाल्याचं कारण सांगून लवकर बाहेर पडलो. गाडीला दोन तास होते.

काम होतं म्हणून मी आलो, इवाई. तुम्ही मेलात हे काम. तुम्ही बोलावलं होतं ते काम नसताना. हे मला घरी येऊन रोज टोचू लागलं, आणि मागच्या सोमवारी मी सदरा घातला. आमच्या घरच्यांनी विचारलं, "कोठी चालले?" अंजनगावला. "आता तठी कोनाले भेटाले?" मी छत्री घेतली आणि निघालो. गिरजा फाटकापर्यंत आली. वाकून पाया पडली, सणावाराला पडते तशी.

मूर्तिजापूरला गाडी बदलली. लहान गाडी रमतगमत निघाली आणि मी ठरवून टाकलं की कोणी विचारलं तर खरं सांगायचं. काही नाही, सहज आलो. इतकं सोपं वाक्य आहे. डब्यात दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. या खेपेला शिंप्याला रस्ता विचारावा लागला नाही.

मला दारात पाहिलं आणि विहीणबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. किसना मळ्यातून धावत आला, पाय चिखलाने भरलेले, तोंड पांढरं. "मामाजी, काहून आले? ताईले बरं हाय ना? सुमन?" बरं आहे, सगळ्यांना बरं आहे, मी म्हणालो. "मंग जावयाले काई?" नाही रे बाबा. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. पण कोणी बसेना. विहीणबाई खांबाआडून पाहत होत्या, किसना समोर उभा होता, त्याची बायको दारात. सगळे कारणाची वाट पाहत होते. आणि त्यांच्या डोळ्यांत तेच होतं, जे तुमच्या बापाच्या डोळ्यांत तुम्हाला दिसलं असेल: माणूस येडा झाला काय?

इवाई, ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. टोपली किती जड होती आणि तरी ती का उचलत होता, ते मला त्या खाटेवर बसल्यावर कळलं. मी म्हणालो, "पानवेलीच्या काड्या पाहिजे होत्या. म्हटलं, वाडीत लावून पाहू."

वैशाखातलं ऊन. आमचं खारं पाणी. अकोल्यात पानवेल जगत नाही हे तुमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि काड्या लावायचा हा मोसमही नाही. किसना माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या हसण्याची वाट पाहत होतो. हसला असता तर माझी तक्रार नव्हती.

तो हसला नाही. मळ्यात गेला, निवडून निवडून बारा काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, वरून केळीचं पान बांधलं. रात्री मला जेवू घातलं, सकाळी स्टेशनावर पोचवायला आला. गाडी सुटताना गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाला, "मामाजी, नाई लागल्या तं अजून घेऊन जा. कवाही या."